मोअर ऑर लेस द सेम

आमच्याकडं शेळ्या होत्या अकरा, पण मायला विचारलं तर ती "हाईत धा-बारा" म्हणायची. मोजून सांगितलं की नजर लागते म्हणे. त्यामुळं आमच्या गावात कुणी काही नेमकं सांगतच नसे. लग्नाला माणसं दोनेकशे, एस्टी आत्ता येईलच, आणि उर्दू शाळेत शिकलेले शेजारचे आजोबा तर सगळ्यालाच "तकरीबन" लावत. ऐकणारा ते तकरीबन सोडून द्यायचा आणि उरेल ते खरं धरायचा. मीही तशीच वाढले.

त्र्याहत्तर किंवा चौऱ्याहत्तर साल असेल. बाबांना कावीळ झाली. ताडकळसच्या आसपास जेवढं झाडपाल्याचं औषध मिळालं तेवढं देऊन झालं, मग परभणीला दवाखान्यात आणलं. डॉक्टर दक्षिणेकडचे, तरुण. मराठी येत नव्हती, हिंदी मोडकीतोडकी. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, इंग्रजीत वर्गात पहिली. मग काय विचारता! अख्ख्या वॉर्डाची दुभाषी झाले. खोटं कशाला सांगू, बाबा खाटेवर पिवळेजर्द पडले होते आणि मला माझ्या इंग्रजीचा तोरा होता.

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी बाबांचं पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले आणि मला म्हणाले, "मोअर ऑर लेस द सेम." पहिले तीन शब्द ते जरा रेंगाळत बोलले, हे मला आता आठवतं.

"काय म्हनायलेत गं?" मायनं विचारलं.

"कालच्यासारखंच हाय म्हणे."

"मंग मी गावाकडं जाऊन येऊ का? दोन शेळ्या व्यायला टेकल्यात. उद्या दुपारी येते माघारी."

बाबांनी डोळे उघडले. "ऱ्हा की आजच्या दिस," म्हणाले. माय माझ्याकडं बघायली.

"जा तू," मी म्हणाले. "डाक्टर सांगायलेत की. आन् मी हाय ना हितं."

ती दहाच्या गाडीनं गेली.

त्या शब्दांचा अर्थ मला येत नव्हता, असं अजिबात नाही. साधारण तसंच, एवढं कुणीही सांगेल. पण माणूस साधारण म्हणतो तेव्हा थोडासा फरक त्याला दिसलेला असतो. तो किती आणि कुठल्या बाजूला, हे बोलायला त्याला जड जातं. अशा वेळी विचारायचं असतं, की काय बदललंय? मी विचारलं नाही. सवयीनं तेवढं सोडून दिलं आणि उरलेलं मायला सांगितलं.

बाबा त्याच संध्याकाळी दिवेलागणीला गेले. जाण्याआधी दोनदा त्यांनी माय कुठंय म्हणून विचारलं. मी "येतीच आता" म्हणाले.

मला रडू आलं नाही. नळावर जाऊन त्यांचा पेला घासला, पुसला, पिशवीत ठेवला. मग काढून परत घासला. माझ्या आत काही नव्हतंच. पुढं कित्येक महिने तसंच चाललं. भूक लागायची, झोप यायची, लोक म्हणायचे, पोरगी लय धीराची हाय. धीर कसला डोंबलाचा!

निरोप मिळाला तशी माय सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. ओरडली नाही. बाबांच्या पायाशी बसली आणि मला म्हणाली, "डाक्टर नेमकं काय म्हनले व्हते?"

"तसंच हाय म्हनले व्हते."

"मंग त्यालाच कळलं न्हाई," ती म्हणाली. "वाटोळं हुईल मुडद्याचं. मला जाऊ दिलं त्यानं."

डॉक्टर दारातच उभे होते, हात जोडून. तिचं बोलणं त्यांना समजलं नव्हतं. सांग म्हणून ते माझ्याकडं बघत राहिले.

आई तुमचे आभार मानतेय, असं मी त्यांना इंग्रजीत सांगितलं.