मागे बघायचं नाही

माझे बाबा झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. लहानपणी लाइट गेली आणि मी घाबरले की ते माझ्या हातात टॉर्च द्यायचे, "जा, बघून ये काय हाय ते." मी जायचे. काहीच नसायचं. अशा घरात वाढल्यामुळे या सदरातले भुताखेताचे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले... आज माझाच लिहून पाठवतेय. तुम्ही हसलात तरी राग नाही.

लॉकडाऊन उठलं होतं, देवळं उघडली होती, पण आमच्या कॉलेजच्या परीक्षा अजून मोबाइलवरच चालू होत्या. मी जालन्यात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. घर मात्र भोकरदन तालुक्यात, शेतातल्या वस्तीवर. तिथं बांधावरच्या बाभळीखाली उभं राहिलं तरच रेंज. वर्षभराची लेक्चर मी तशीच ऐकली — अर्धं वाक्य ऐकू यायचं, अर्धं स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरायचं. जेनेटिक्स तर पूर्ण डोक्यावरून गेलं. त्यात आधी नापासही झाले होते. आता हा विषय सुटला तरच डिग्री, आणि डिग्री असली तरच जालन्याच्या एका बियाणे कंपनीतली लॅबची नोकरी.

पेपरसाठी मी राजूरला मावशीकडे गेले. गणपतीच्या रस्त्यावर तिचं नारळ-प्रसादाचं दुकान आहे, वर पत्र्याची एक खोली. मालाची. नारळाची पोती, साखरफुटाण्याचे डबे. रेंज मात्र फुल्ल. नेमकी त्या दिवशी चतुर्थी होती, खाली मरणाची गर्दी.

"कोनी नारळं न्यायला वर येईन अन् तुझा पेपर बिघडंन," मावशी म्हणाली. "म्या बाहेरून कडी लावून घेते. झालं की फोन कर."

मीच म्हटलं, "लाव."

त्या ॲपचं थोडं सांगते. प्रश्नाखाली पर्याय, त्यातल्या एकावर टिक करायचं. पेपर सुरू झाला की मोबाइल लॉक — फोन नाही, मेसेज नाही. समोरचा कॅमेरा चालू, पण आपला चेहरा आपल्याला दिसत नाही. तिकडे कॉलेजच्या सुपरवायझर मॅडमना सगळं दिसतं. त्या वरच्या पट्टीत मेसेज टाकू शकतात, आपल्याला उत्तर द्यायची सोय नाही. बोलायचं नाही, उठायचं नाही, नजर हटवायची नाही. तिसऱ्या वॉर्निंगला पेपर बंद.

दुपारची वेळ. मी पोत्यांकडे पाठ करून बसले. पहिले काही प्रश्न झाले आणि स्क्रीन लाल झाली.

"एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. पहिली वॉर्निंग."

मी साहजिकच मागे वळून बघितलं. पोती, डबे, बंद दार. बस्स.

"नजर स्क्रीनवर नाही. दुसरी वॉर्निंग."

आता मान वळवली तरी सगळं संपलं. ॲपची चूक असेल, भिंतीवरचं कॅलेंडर चेहरा वाटलं असेल, अशी समजूत घालून मी पुढचा प्रश्न उघडला. तेवढ्यात वरच्या पट्टीत मॅडमचा मेसेज आला.

"मागच्या ताईंना बाहेर जायला सांग."

मी कॅमेऱ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. कोणी नाही, मॅडम.

"पोत्यावर बसल्या आहेत ना. सांग त्यांना."

कॅलेंडर पोत्यावर बसत नाही... आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे पोत्यातले नारळ एकमेकांवर घासले. कोणी बसल्या जागेवरून उठावं, तसे.

उंदीर असेल. आजही मी तेच म्हणते. पण तेव्हा अंगाचं लाकूड झालं. खाली माणसांचा गलका, मोरयाचा गजर, मावशीचं "जल्दी करा, पुढं सरका" एवढं स्पष्ट ऐकू येत होतं. आणि मी दहा पायऱ्या वर कडीत अडकलेली. ओरडले तर पेपर बंद. वळले तर पेपर बंद. घाम डोळ्यात उतरत होता, तो पुसायलाही हात उचलवेना. नुसतं बोट तेवढं स्क्रीनवर चालत होतं.

मग बराच वेळ मेसेज नाही. नंतर एकच आला.

"घाबरू नकोस. पेपर लिही."

त्या मेसेजने मी सगळ्यात जास्त घाबरले.

कसाबसा पेपर सबमिट केला, लॉक सुटला आणि मी उठून दाराला पाठ लावून उभी राहिले. खोली रिकामी. मावशीला फोन लावला, गर्दीत तिला ऐकू गेला नाही. दार बडवलं, खालच्या गलक्यात तेही विरलं. तोंड पोत्यांकडे करून मी तशीच उभी होते... किती वेळ, कोण जाणे. शेवटी कडी वाजली.

"अगं, काय झालं? घामानं पानी पानी झालीस!"

"मावशे, वर कोन आल्तं?"

"कोन येईन? कडी म्याच लावली, म्याच काढली."

मी तिला विचारलं, या जागेत पूर्वी काही झालं होतं का? तिने मलाच वेड्यात काढलं. "काय होईन? खोली परवा बांधली, त्याच्या आधी मोकळं आभाळ होतं इथं."

निकाल लागला. जेनेटिक्समध्ये मी पास तर झालेच, पण वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझे. बाबांनी पेढे वाटले. मी माझा पेढा तसाच खाली ठेवला.

कॉलेज उघडल्यावर त्या मॅडमना भेटले. त्या आधी विषय टाळत होत्या. मग लॅबचं दार लोटून घेतलं.

"ॲप सारखं 'तिसरी वॉर्निंग द्यायची का?' असं विचारत होतं," त्या म्हणाल्या. "मी दर वेळी 'नको' दाबत होते. तुझा चेहरा बघितला आणि कळलं, ती बाई तुला माहीतच नाही."

"कोण होती, मॅडम? कशी होती?"

"साधी. डोक्यावर पदर. उठून तुझ्या मागे येऊन उभी राहिली, खांद्यावरून पेपर वाचत. मध्येच मान हलवायची, नाही-नाही अशी. ती मान हलवायची आणि तू थांबून परत स्क्रीनला बोट लावायचीस."

त्या दिवशी मी कितीतरी उत्तरं बदलली होती. टिक केलेला पर्याय काढून दुसरा. का, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

आता मी त्याच बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. मावशीच्या वरच्या खोलीत परत गेले नाही. बाबांना एकदा सगळं सांगितलं. वाटलं, नेहमीसारखं म्हणतील, जा, बघून ये. पण त्यांनी एवढंच विचारलं, "उत्तरं बराबर होती ना?"

होती. सगळी बराबर होती. ती उत्तरं कोणाची होती, ते मला अजून सांगता येत नाही.