आम्रपालीचा फ्लेक्स

दापोडीच्या आमच्या गल्लीत आम्रपालीएवढी अबोल पोर दुसरी नव्हती. नागसेन आणि प्रभावतीची थोरली. नागसेनची कंपनी बंद पडली तेव्हा ती बारावीला होती. निकाल लागला आणि पंधरा दिवसांत ती चाकणला कंत्राटावर लागली. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. पहाटे चौकात कंपनीची बस यायची आणि त्या बसमध्येच तिचं कॉलेज भरायचं. बाहेरून बी.ए., विषय अर्थशास्त्र. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की बाकीचे शिव्या द्यायचे. हिचा एक धडा जास्त व्हायचा.

पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर असायचं. मी एकदा म्हणालो, "झाकतेस कशाला गं? चोरीचं आहे का?"

"काका, फॉर्मवर मी बारावीच लिहिलंय. कंत्राटदाराला ग्रॅज्युएट नको असतात. टिकत नाहीत आणि प्रश्न विचारतात म्हणे."

"हे कुठलं शास्त्र?"

"पुस्तकात नाही हे. गेटवर शिकले."

मी हसलो. चाळीस वर्षं नाटकातून राजे रंगवलेला माणूस मी. एखाद्या फक्कड संवादाला दाद द्यावी तशी दाद दिली आणि विसरून गेलो.

ती पहिल्या वर्गात पास झाली. त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून एका दमात इतकं बोलली, की प्रभावती दारात येऊन बघत राहिली. जूनपासून तिला दुपारची शिफ्ट मिळणार होती. म्हणजे सकाळी पिंपरीला कॉलेज, एम.ए., आणि पुढे कुठेतरी शिकवायचं. सगळं त्या एका शिफ्टवर उभं होतं.

आम्हा नाटकवाल्यांना एक खोड असते. गावात शिरताना भिंतीवर आपलं नाव मोठ्या अक्षरांत दिसलं, की उपाशीपोटीही छाती फुगायची. म्हटलं, या पोरीचं नाव एकदा तरी लागायला हवं. वाढदिवसांचे फ्लेक्स आमच्या चौकात बारा महिने असतात. हा तर खरा पराक्रम. तिचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'बी.ए. अर्थशास्त्र, प्रथम श्रेणी', आणि शुभेच्छुक म्हणून अख्खी गल्ली. जागाही मीच निवडली. बस थांबते त्याच्या बरोबर समोर.

संध्याकाळी ती बसमधून उतरली. मी हार घेऊन उभा होतो. तिने फ्लेक्स पाहिला आणि हळूच मागे वळून पाहिलं. ड्रायव्हरशेजारी हजेरी घेणारा बंटी बसला होता, कंत्राटदाराचा माणूस.

"अरे वा, मॅडम!" तो खिडकीतून म्हणाला. "आम्ही हेल्पर समजत होतो, तुम्ही तर साहेब निघाला!"

बसमध्ये हशा पिकला. तिने हार घालून घेतला, मला वाईट वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिचं नाव यादीत नव्हतं. मी बंटीला गाठलं.

"बंटीभाऊ, पोर शिकली हा गुन्हा झाला का?"

"आजोबा, शिकली त्याचं काय न्हाई. फॉर्मवर खोटं लिहिलं. त्या बोर्डाचा फोटो वरच्या साहेबापर्यंत गेला, आता माझ्या हातात काय हाय? आन् बोर्ड तुम्हीच लावला ना राव?"

हिंजवडीला दोन ठिकाणी ती जाऊन आली. तीन वर्षं काय केलं, असं विचारलं. वायरी बांधल्या, असं तिने खरं सांगितलं. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. एम.ए.च्या प्रवेशाची तारीख गेली. नागसेनने फ्लेक्स उतरवला आणि गळक्या पत्र्यावर उलटा अंथरला. वरून फक्त पांढरं दिसतं.

श्रावणात तिला दुसऱ्या कंत्राटदाराचा फॉर्म मिळाला. भरायला ती माझ्याच ओट्यावर बसली. सकाळची पहिलीच शिफ्ट, बदलून मिळणार नाही, असं आधीच सांगितलेलं. शिक्षणाच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं. मग तिने 'बारावी' लिहिलं.

"आम्रपाली, मी..."

"असू द्या, काका. तुम्ही कौतुकच केलं ना."

तिने रागवायला हवं होतं. मला ते सोपं गेलं असतं.

पहाटे चौकात आता दुसरी बस येते. ती खिडकीशी बसते. मांडीवर डबा असतो, नुसता डबा.