बहिणजींच्या गाडीचे टायर

मानिक चौकामागे टायरचं दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. घराणं झाशीतलंच, जुनं मराठी. माल विकताना ते हिंदी बोलतात, रागावताना मराठी. माझ्याशी बहुतेक मराठीच बोलतात.

मी झाशीजवळच्या बबीना गावातल्या शाळेत शिकवते आणि रोज माझ्या दोन माणसांच्या बुटक्या स्पोर्ट्स कारनं जाते. तिचे टायर गुळगुळीत झाले, तेव्हा मी रेसच्या गाडीसारखे रुंद, चपटे टायर मागितले.

"रास्ते में ब्रेकर कितने हैं, बहनजी?" त्यांनी विचारलं. मी ते कधी मोजलेच नव्हते.

"मग टायर कशाच्या भरवशावर मागता? उद्या संध्याकाळी या."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकापाशी रहदारी तुंबली होती. स्कूटर आडवी लावून टायरवाले गृहस्थ स्पीडब्रेकरजवळ उकिडवे बसले होते आणि त्याची उंची बोटांनी मोजत होते. मागून ट्रकवाला ओरडला, "दद्दा, हटो!"

"दो मिनट, भैया. बहनजी की गाड़ी का सवाल है."

माझ्या वर्गातल्या मुली फाटकातून हे बघत होत्या. मी मान खाली घालून आत गेले.

संध्याकाळी त्यांनी साधे, जाड कडांचे टायर बसवले. मी हिरमुसले, पण चौकातल्या खड्ड्यावरून गाडी अलगद गेली. खुशीत मी त्यांनाही एक फेरी मारून आणली. परतल्यावर मात्र त्यांना त्या खोल सीटमधून उठता येईना. शेवटी शेजारच्या दोन दुकानदारांनी हात धरून त्यांना बाहेर ओढलं.

कंबर धरून ते म्हणाले, "टायर उत्तम आहेत, ताई. आता गाडी तेवढी बदला."