आखाजीच्या अल्बमला अडीच चांदण्या

जळगावच्या एका दैनिकात दर रविवारी मी नव्या अल्बमांबद्दल लिहिते. गझल, कव्वाली, सतारवादन, भुसावळकडच्या पोरांचं रॅप, जे येईल ते. संगीत मला कुणी शिकवलं नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे ऐकायचं कसं हेही मी पुस्तकं वाचूनच शिकले. दार लावायचं, हेडफोन घालायचे, अल्बम तीनदा ऐकायचा आणि वहीत टिपणं काढायची. लेखाखाली पाचपैकी तारे द्यायचे.

आई पारोळ्याजवळ गावी असते. तिला वाचता येत नाही, म्हणून रविवारी सकाळी मी तिला लेख फोनवर वाचून दाखवते. ती सगळा ऐकून घेते आणि शेवटी एकच विचारते, "कितल्या चांदण्या दिन्यात?" तीनच्या खाली दिल्या की म्हणते, "बिचारा! इतलं गायना आन तू असं करस."

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पिंपळनेरकडच्या एका बाईंचा अल्बम आला. त्या शेतात राबतात. गावातल्या बायकांसोबत झोक्यावर आयुष्यभर म्हटलेली आखाजीची आठ गाणी त्यांनी धुळ्याच्या एका स्टुडिओत रेकॉर्ड केली होती. फोनवर म्हणाल्या, "ताई, गावमा हासतस माले. म्हणतस, झोक्यावरनं गाणं कोनी इकत ऐकस का? तुम्ही लिखा."

मी नेहमीच्या शिस्तीने ऐकलं. आवाज उन्हात वाळवलेल्या मिरचीसारखा, खणखणीत आणि झोंबणारा. पण प्रत्येक ओळीनंतर गाणं थांबायचं. ढोलकी हळू वाजत राहायची, बाई गप्प. मग पुढची ओळ, पुन्हा गप्प. मी लिहिलं, 'निष्कारण सोडलेल्या रिकाम्या जागांमुळे गाणी तुटक वाटतात. संकलनात काळजी घ्यायला हवी होती.' अडीच तारे दिले. रविवारी ते छापून आलं. दोन दिवसांत घरी जायचंच होतं, म्हणून हा लेख तेवढा आईला फोनवर वाचून दाखवला नाही.

आखाजीला मी माहेरी गेले. आई सांजोऱ्या तळत होती. मी फोन ओट्याजवळच्या फडताळावर ठेवला आणि तीच गाणी मोठ्याने लावली. पहिली ओळ झाली, बाई थांबल्या. आणि कढईवरची नजर न काढता आईने पुढची ओळ म्हटली. तिची ओळ संपली तिथेच बाईंनी पुढची उचलली. तिसऱ्या ओळीपर्यंत पलीकडच्या अंगणातून शेजारच्या काकूही आईला मिळाल्या होत्या. फोनमधली एकटी बाई विचारत होती आणि आमच्याकडच्या दोघी तिला उत्तर देत होत्या.

मी गाणं थांबवलं.

"आई, तिथे म्हणायचं असतं?"

"मंग? तिनी जागा सोडेल शे ना आपलेकरता."

"मी लिहिलं, रिकामी आहे म्हणून."

"रिकामी कसानी? तठे आपण शेतस." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुले कसं मालूम व्हई, माय? तुना तव्हय पेपर राहेत."

खरं होतं. आखाजीच्या सुमारास आधी शाळेची, पुढे विद्यापीठाची परीक्षा असायची. मुली झोक्यावर जायच्या आणि आई दारात उभी राहून सांगायची, तिला बोलवू नका. खिडकीतून गाणं यायचं ते सगळं एकत्र. त्यात एक बाजू विचारणारी आणि एक उत्तर देणारी आहे, हे आत बसून मला कधी कळलं नाही. आईने मला त्या वेळी आत बसवलं म्हणून मी आज लिहिते, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. पण लिहिलं ते चुकीचं होतं.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. "अक्का, माझं चुकलं."

"चुकनं ते चुकनं, ताई. पन तो स्टुडिओवाला पहिलापासून म्हने, ह्या जागा काढी टाकू. मी भांडनी, राहू दिन्यात. आते तो म्हणस, दखा, पेपरमा बी तेच उनं. ह्या सोमवारी कापणार शे."

"त्याला सांगा, मीच म्हणतेय, कापू नका."

"तो मनं ऐकत नई. पेपरनं ऐकस."

मग संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, एका अल्बमचं परीक्षण दोनदा? पहिल्यांदा नीट ऐकलं नव्हतं का?"

"ऐकलं होतं. एकटीने."

मग म्हणाले, "शुक्रवारी दुपारपर्यंत द्या. रविवारी छापू. आणि चूक कुणाची ते स्पष्ट लिहा."

मी वही काढली. आईने पीठभरल्या हाताने ती मिटली. "आधी म्हण, मंग लिख."

मी फोनवर गाणं पुन्हा लावलं. बाई गायल्या, थांबल्या. आईने ओळ सांगितली, मी म्हटली. एकदा उशिरा शिरले, एकदा बाईंच्याच ओळीवर चढले. काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "कोन व ती, रडी राहिनी का?" आई इतकी हसली की सांजोरी करपली.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "किती चांदण्या?"

"दीड. ती बी आवाज मोठा शे म्हणीसन."

रविवारच्या लेखात मी माझी चूक लिहिली, तारे दिले नाहीत. हेडफोन काढा आणि घरात निदान दोघं असाल तेव्हाच हा अल्बम लावा, एवढं सांगितलं. सोमवारी संध्याकाळी बाईंचा फोन आला. "राही ग्यात जागा," म्हणाल्या आणि मला काही बोलू न देता पहिल्या गाण्याची पहिली ओळ म्हणून थांबल्या.

या वेळी मी वेळेवर शिरले. आईला सांगितलं तर म्हणाली, "मी ऐकं नई, मी चांदण्या वाढवणार नई." पुढच्या आखाजीला मला अडीचपर्यंत जायचं आहे.