पडद्यामागून पाहिलेला भुताचा बंगला

वाळत घातलेल्या जाड कापडाचा ओला वास आला, की मला निजामाच्या काळातला परभणीचा तंबू-सिनेमा आठवतो. मागूनही चित्र दिसावं म्हणून पडदा भिजवत. पुढं पुरुष बसत, मागं आम्ही बायका. त्या दिवशी माळावरच्या भुताच्या बंगल्याचा बोलपट होता. भूत दिसलंच नाही, नुसतं दार हलायचं. घरात कुणीतरी आहे, असं बायको सांगायची आणि नवरा हसायचा. पुढची माणसंही हसली. आमच्या बाजूला सगळ्या गप्प होत्या; आईनं माझा हात घट्ट धरला होता. परतताना गाडीत वडील म्हणाले, "समदं खोटं हाय." आई म्हणाली, "भूत खोटं असंल. तिचं कुणी ऐकंना, ते खोटं न्हाई." आजही घरात सगळे हसायला लागले, की गप्प कोण बसलंय, ते मी आधी बघते.