मयेकर मॅडम आणि कोर्टातला माईक

दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेणाऱ्या माणसाला स्वतः बोलायला चहाची सुट्टीच काय ती मिळते. मी रत्नागिरीत कोर्टात लघुलेखक आहे. साक्षीदार बोलतो, मी टाइप करते, संध्याकाळी सही होऊन कागद फायलीत जातो. पण कागदावर न मावणारं खूप काही आमच्याकडेच उरतं. मागच्या व्हरांड्यात चहा घेताना एकीने एक सांगितलं की दुसरीला दोन आठवतात. असं करत इतकं साठलंय की आता कुठेतरी रिकामं करायलाच हवं. नावं-गावं मी इकडची तिकडे केली आहेत. बोलणं मात्र होतं तसंच ठेवलंय, तेवढी सवय सुटत नाही.

यातले बरेचसे किस्से मयेकर मॅडमचे. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ, शॉर्टहँडच्या जमान्यातल्या. मध्यंतरी आमच्याकडे माईक आले. साक्षीदार बोलला की त्याचं बोलणं आपोआप स्क्रीनवर मराठीत उमटणार, आणि मॅडमनी ते फक्त तपासायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं. मॅडम नाराज होणार असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी पदराने माईक पुसला आणि म्हणाल्या, "बरं झालं. माझी बोटं दुखतात, याची दुखायची नाहीत."

*

माईकची पहिली मोठी साक्ष देवरूखकडच्या एका बाईंची होती. शेजाऱ्याशी हद्दीचं भांडण. दोन घरांच्या मध्ये गडगा, म्हणजे नुसते दगड एकावर एक रचून घातलेलं कुंपण. तो कोणाचा, एवढाच वाद. बाई धीट होत्या, घडाघडा बोलत होत्या. माईकने मात्र गडगा हा शब्द जन्मात ऐकला नव्हता.

बाईंचं बोलून झाल्यावर न्यायाधीश साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "दोन घरांमधला झगडा माझ्या सासऱ्यांनी बांधला. दर पावसात तो थोडा ढासळतो. मग आम्ही तो परत उभा करतो."

बाई हसल्या. पलीकडच्या बाकावर बसलेला शेजारीही हसला. वकील सांगतात, त्या दोघांना एका वेळी हसताना कोणीच पाहिलेलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "मॅडम, गडगा करा. तसं हेही चूक नाही."

*

आमच्याकडे एक ज्येष्ठ वकील आहेत. उलटतपासात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, आणि आपलं बोलणं कसं आखीव-रेखीव असतं हे ते ज्युनिअरना नेहमी सांगायचे. माईक आल्यावर पहिल्यांदाच त्यांनी आपला प्रश्न जसाच्या तसा स्क्रीनवर पाहिला. "तर अं, तुम्ही, म्हणजे अं, असं म्हणता का, अं, की तुम्ही तिथे, म्हणजे तिथेच, अं, होतात?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग मॅडमच्या टेबलाजवळ येऊन हळूच विचारलं की हे मशीनचं काही बिघडलंय का.

मॅडम म्हणाल्या, "नाही सर. इतकी वर्षं तुमचे अं मी गाळत होते."

वकीलसाहेब चष्मा चढवून जागेवर गेले. पुढच्या तारखेला मात्र ते एकेक शब्द असा तोलून बोलत होते की उलटतपास चहाच्या आधी आटोपला. जाताना त्यांनी मॅडमना वाकून नमस्कार केला. "माझ्या गाळलेल्या 'अं'बद्दल," म्हणाले. या वयात स्वतःला सुधारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

नाटे बंदरावरचा एक खलाशी साक्षीला आला होता. दोन होड्यांची टक्कर झाली होती आणि पाहणारा हा एकटाच. बोलण्याचा वेग असा की माईकने दोन ओळी कशाबशा लिहिल्या आणि पुढे नुसतं "अस्पष्ट, अस्पष्ट, अस्पष्ट". साहेब मुंबईकडचे. त्यांनी हळू बोलायला सांगितलं. तो दोन वाक्यं हळू बोलला आणि परत सुटला.

मयेकर मॅडमनी माईक बाजूला सरकवला, पेन्सिल घेतली आणि शॉर्टहँड सुरू केलं. साक्ष संपल्यावर त्यांनी सगळं सावकाश वाचून दाखवलं. खलाशी मान डोलवत ऐकत होता. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. साहेबांनी कौतुकाने विचारलं की तुम्हाला हे समजलं तरी कसं.

"माझं माहेर तिकडचंच, साहेब. जेवताना सगळे असेच बोलतात. हळू बोलत बसलं तर ताटातला मासा दुसरा उचलतो."

*

या कामाचा परिणाम घरीही होतो. एकदा नवऱ्याशी माझा वाद झाला. तो म्हणाला, "मी असं म्हटलंच नव्हतं." माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मागचं वाचून दाखवू?"

त्या दिवशी स्वयंपाक त्याने केला.

*

आता एक वेगळं सांगते. हे आम्ही चहावर बोलतो तेव्हा कोणी हसत नाही.

खेडकडची एक तरुण बाई साक्ष देत होती. आरोपी तिचा दीर. काय घडलं होतं ते मी इथे लिहीत नाही. बचावाच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही तेव्हा कोणालाही काही सांगितलं नाही. म्हणजे असं काही घडलंच नव्हतं, बरोबर?"

ती बोलेना. कठड्याला धरून खाली बघत राहिली. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने तिने "नाही" म्हटलं.

स्क्रीनवर वकिलांचा प्रश्न होता आणि त्याला चिकटून खाली एकच शब्द, नाही. मधली शांतता माईकने घेतलीच नव्हती. वकील लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळले.

आणि मयेकर मॅडम उभ्या राहिल्या. आमच्या कामात हे होत नाही. आम्ही टेबलाशी बसायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, साक्षीदार खूप वेळ थांबली होती. ते यात आलेलं नाही. आणि 'नाही' म्हणजे घडलं नाही, की वकीलसाहेबांचं म्हणणं बरोबर नाही, ते मला लिहिता येत नाहीये."

वकिलांनी हरकत घेतली. साहेबांनी ती ऐकून घेतली. मग, साक्षीदार बराच वेळ गप्प राहिली, असं आधी लिहून घ्यायला सांगितलं, आणि तिच्याकडे वळून शांतपणे विचारलं की तुमचं 'नाही' कशाला होतं.

तिने मान वर केली. "ते म्हणतात ते बरोबर नाही. मला सांगायला कोणी नव्हतं."

निकालात साहेबांनी तिचं ते शेवटचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. दिराला शिक्षा झाली. साक्षीच्या दिवशी मॅडम चहाला सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "उभी राहिले खरी. पाय कुठे होते देव जाणे."

*

आणि हा शेवटचा.

खाडीकाठच्या गावातल्या जैनबबी. त्यांचा मुलगा इरफान मस्कतला नोकरीला. जैनबबींनी हापूसच्या कलमांची बाग मुलीच्या नावावर केली आणि इरफानने आईवर दावा लावला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. फोनसुद्धा नाही. इरफानचा उलटतपास व्हिडिओवर ठेवला होता. समोर मोठा पडदा, पडद्यावर तो, आणि पहिल्या बाकावर माईकपासून जवळच जैनबबी. मुलाचा चेहरा त्या किती दिवसांनी बघत होत्या कोणास ठाऊक.

जैनबबींच्या वकिलांनी विचारलं, "आई आजारी असताना तुम्ही एकदाही आला नाहीत, हे खरं आहे का?"

इरफानने तोंड उघडलं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. कोरडा, खोल खोकला. थांबला, पाणी प्याला, परत खोकला. सगळे वाट बघत होते.

तेवढ्यात बाकावरून जैनबबी काहीतरी बोलल्या आणि स्क्रीनवर ओळ उमटली, "दावा घेतोस ना रे?"

इरफानचे वकील ताडकन उभे राहिले. प्रतिवादी भर कोर्टात माझ्या अशिलाला दावा मागे घ्यायला सांगतायत, हा दबाव आहे, याची नोंद घ्या, असं त्यांचं म्हणणं. जैनबबी घाबरून ओढणी सारखी करत होत्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं.

मयेकर मॅडम म्हणाल्या, "साहेब, दावा नाही. दवा. औषध विचारतायत."

वकील खाली बसले. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं आणि इरफानला सांगितलं की याचं उत्तर तुम्ही दिलंच पाहिजे असं नाही.

इरफान खाली बघत होता. "नाय घेत, अम्मी."

"मग घे. छातीत भरंल."

जैनबबींच्या वकिलांनी हातातला कागद उलटसुलट केला. पुढचा प्रश्न काही त्यांना सापडला नाही. त्यांनी तारीख मागितली. समोरच्या वकिलांची हरकत नव्हती. साहेबांनी कारण न विचारता तारीख दिली.

त्या तारखेला इरफान रजा काढून स्वतः आला. मायलेक एकाच बाकावर बसले होते, आईची पिशवी त्याच्या मांडीवर. साहेबांनी विचारलं, तडजोड झाली का? दोन्ही वकील एकमेकांकडे बघायला लागले.

जैनबबी उठून उभ्या राहिल्या. "भांडण हाय तसाच हाय, साहेब. खोकला गेला."