झोला कुठेच गेली नव्हती

आयझोला क्रम्प आयुष्यात कधी हॉलो बेंड गाव सोडून गेली नाही, आणि तरी नदीकाठच्या अख्ख्या डेल्टा मुलखात ती पळून गेलेली बाई म्हणून गाजली.

नदीच्या बांधाला लागून एक लाँड्री होती. तिथे ती इस्त्रीवर होती. वकिलांचे, डॉक्टरांचे, म्हणजे गोऱ्यांचे शर्ट. आई वारल्यापासून बांधामागच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. संपलं नाही ते काम घरी आणायची आणि मागच्या ओसरीवर, चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्रीने उरकायची. थर्मन गेट्स तेव्हा सरकीचा ट्रक चालवायचा. कामावरून सुटला की गिटार घेऊन तिच्या पायरीवर येऊन बसायचा.

"तुझी इस्त्री ऐक ना, झोला. दोनदा आपटतेस, मग लांब घासतेस. ढोलच आहे हा. थांबू नकोस."

"थांबले तर शर्ट जळेल, शहाण्या. तू वाजव, मी थांबत नाही."

त्या आपटण्या-घासण्यावर तो बोटं चालवायचा. गाण्याला शब्द असे नव्हतेच, नुसतं तिचं नाव. 'झोला, ए झोला' असं तो गळा ताणून ओरडायचा आणि ती लटकं रागवायची, "हळू रे, शेजारणी ऐकतायत." शेजारणींनी ऐकावं असं तिला मनातून फार वाटायचं.

एका वसंतात तो तीन मित्रांबरोबर गाण्या-बजावण्यात नशीब काढायला मेम्फिस शहराकडे निघाला. तिने त्याचा पांढरा शर्ट असा इस्त्री केला की घडीवर बोट कापावं. "कापूस वेचणीच्या आत तुला न्यायला येतो," तो म्हणाला. वेचणी झाली. पुढच्या वर्षीचीही झाली. त्याचा ना निरोप, ना कुणाच्या हाती सांगावा.

मग एका दुपारी ती लाँड्रीतून जेवायला निघाली असताना रस्त्यापलीकडून कुणी तरी तिला हाक मारली. 'झोला, ए झोला!' ती वळली. तो आवाज ओळखायला तिला वेळ लागला नाही. हातातला डबा छातीशी धरून ती जवळजवळ धावतच मिस्टर ऑलीच्या खानावळीत शिरली. आत थर्मन नव्हता. कोपऱ्यातली नाणं टाकून गाणी वाजवायची पेटी होती आणि तिच्यापुढे पोरंपोरी नाचत होती.

ठेका तिच्या इस्त्रीचा होता, नाव तिचं होतं. बाकी सगळं भलतंच. गाण्यातली झोला एका परक्या माणसाच्या लाल मोटारीत बसून हसत हसत निघून गेली होती, आणि गाणारा बिचारा पायरीवर बसून तिला हाका मारत होता.

"अगं, तू इथे कशी?" ऑली काउंटरमागून ओरडला. "तू तर पळून गेलीस ना!"

सगळे हसले. तीही हसली. हसण्याशिवाय करणार काय?

पण ते गाणं मेम्फिसपासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत वाजू लागलं, तशी थट्टेची धार वाढली. तो लाल मोटारवाला कोण, याचा शोध सुरू झाला. विम्याचे हप्ते गोळा करायला येणाऱ्या एका माणसाची मोटार तांबूस होती, तेवढं गावाला पुरलं. कूपर नावाचा विधुर सुतार प्रार्थनेनंतर तिला घरापर्यंत सोबत करायचा; तो आता बांधाच्या दुसऱ्या अंगाने जाऊ लागला. चर्चमध्ये मॉडेल टिब्स नावाची बाई तिच्या शेजारी बसायची. तिने आता बाकावर मध्ये आपली पर्स ठेवली.

"सिस्टर, मी काही म्हणत नाही," मॉडेल म्हणाली, "पण विस्तवाशिवाय धूर निघत नाही."

झोलाने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. खरं सांगायचं तर काय सांगणार होती? की मी गेले नाही, तो गेला, आणि मी अजून वाट बघतेय? पळून गेलेली म्हणवून घेणं एक वेळ परवडलं. टाकलेली म्हणवून घेणं तिला परवडणार नव्हतं.

पुढे काही गोऱ्या पोरांनी तेच गाणं उचललं. त्यांच्या तोंडी झोला नाव बसेना म्हणून त्यांनी लिंडी केलं. रेडिओवर लिंडी, पेटीतही लिंडी. वर्षभरात ऑलीने जुनी तबकडी काढून टाकली. लोक लाल मोटार विसरले, तिच्याकडे बघून हसायचंही विसरले. तिला वाटलं होतं, सुटले एकदाची. पण संध्याकाळी ओसरीवर बसलं की रस्त्यापलीकडून कुणीतरी दुसऱ्याच बाईला हाका मारायचं, आणि तिला भडभडून यायचं. बदनामीची का होईना, पण सोबत होती.

थर्मन आला तो सात वर्षांनी, जुलैतल्या एका शनिवारी, भरदुपारी. लॉजच्या, म्हणजे गावातल्या काळ्या पुरुषांच्या मंडळाच्या, मैदानावर मासे तळायचा सोहळा होता आणि तिथे त्याला वाजवायला बोलावलं होतं. आधी तो लाँड्रीच्या मागच्या दाराशी आला. अंग सुटलं होतं, केस तेलाने चापून बसवलेले. ती वाफेत उभी होती.

"झोला."

"ये. बस म्हणायला इथे खुर्ची नाही."

"लग्न केलंस?"

"पळून गेलेल्या बाईला मागणी कोण घालतं, थर्मन?"

तो दाराची चौकट नखाने खरवडत राहिला. "मी खरं लिहिलं होतं गं आधी. मी तुला मागे टाकून गेलो, असंच. पण तिथला रेकॉर्डवाला म्हणाला, असल्या माणसाच्या गाण्यावर कोण नाचेल? उलटं कर. एका दुपारीत उलटं केलं."

"आणि माझं नाव? तेही उलटायचंस."

"नाव नाही जमलं." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला. "नावाशिवाय गाणंच उभं राहीना."

"न्यायला का नाही आलास?"

"पहिल्या वर्षी खायचे वांधे होते. दुसऱ्या वर्षी गाणं गाजलं. मग कुठल्या तोंडाने येणार होतो?" चौकट सोडून तो म्हणाला, "आज मैदानावर ये तू. सगळ्यांसमोर सांगतो, झोला इथेच होती म्हणून."

ती गेली. निळा झगा घातला, टोपी घातली, आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी मॉडेल टिब्स मक्याची भाकरी खात होती. चार गाणी झाली आणि तो ठेका सुरू झाला. थर्मनने तिच्याकडे पाहून मान हलवली, बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात पुढची तरणी पोरं एका सुरात ओरडू लागली, "लिंडी! लिंडी!" त्यांना जुनं नाव ठाऊकच नव्हतं. थर्मन क्षणभर अडखळला. ढोलवाला ठेका धरून पुढे निघाला होता. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि गायला सुरुवात केली. लिंडी, ए लिंडी.

झोला गाणं संपेपर्यंत बसली. उठून जाणं तिला जमलं असतं, पण मग लोकांना वाटलं असतं, बघा, गेली.

टाळ्या ओसरल्यावर मॉडेल हळूच म्हणाली, "नाव चुकलं त्याचं."

"हो."

"बाई, मी आंधळी नव्हते. सात वर्षं तू रोज माझ्या दारावरून कामाला जात होतीस." तिने आपल्या ताटातला तळलेल्या माशाचा मोठा तुकडा झोलापुढे सरकवला. "खा. गार होतोय."

झोलाने काटे बाजूला काढत तो खाल्ला. थर्मन गर्दीतून तिच्या दिशेने यायला निघाला होता, पण पोरांनी त्याला घेरलं. तिने वाट पाहिली नाही.

पुढच्या रविवारी मॉडेलने बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. झोला शेजारी बसली. प्रार्थना झाली, दोघी दारापर्यंत बरोबर आल्या आणि तिथून आपापल्या वाटेला लागल्या. घरी येऊन झोलाने टोपी काढली, खिळ्याला अडकवली, आणि एकटीपुरता भात शिजत ठेवला.